पागेचं स्ट्रक्चरल ऑडिट

'स्टेबल' हा शब्द आमच्या घरात रोज ऐकू येतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे माझा पेशंट स्टेबल असतो. नवरा ब्रॅकनेलच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळतो. त्याची सिस्टीम स्टेबल असते, नाहीतर नसते, आणि नसली की आमचं जेवण थंड होतं. सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी स्टेबल असते ती इमारत, बाकी सगळे उगाच शब्द वापरतात. इंग्रजीत घोड्यांच्या पागेलाही स्टेबल म्हणतात, हे आम्ही सगळेच शाळेत शिकलो होतो. पण घोड्याशी संबंध न आलेल्या घरात तो अर्थ राहणार कुठे?

बाबा आणि आई, म्हणजे माझे सासू-सासरे, ह्या वेळी आमच्याकडे आले ते खरं सांगायचं तर पळून आले. ठाण्याला त्यांची सोसायटी आहे. सरकारी नोकरांनी एकत्र येऊन बांधलेली, चार मजली, बिनलिफ्टची. ऑफिस सुटलं की बाबा रोज साइटवर जाऊन उभे राहायचे आणि विटा नीट भिजल्यात की नाही ते पिंपात हात घालून बघायचे. आई म्हणतात, "मुलगा झाला तेव्हा मला बघायला आले ते सिमेंटच्या हातांनी." तर अशा ह्या इमारतीचं सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, आणि रिपोर्ट आला की इमारत स्टेबल नाही. पावसाळ्याच्या आत रिकामी करावी आणि पाडून नवी बांधावी. सगळ्यांनी संमती दिली. बाबांनी दिली नाही.

"मिशी न फुटलेलं पोर," बाबा म्हणाले, "हातोडी घेऊन चार ठिकाणी टकटक करतं आणि मला सांगतं स्टेबल नाही."

कायद्याने त्यांच्या एकट्याच्या सहीवाचून काही अडलं नसतं. पण सेक्रेटरी भला माणूस. ज्यांनी उन्हातान्हात उभं राहून इमारत बांधून घेतली, त्यांची सही असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. हा मान बाबांना फारच महागात पडला. एका बाजूला पावसाळा जवळ येत चाललेला, दुसऱ्या बाजूला सगळी बिऱ्हाडं त्याच इमारतीत, आणि मध्ये बाबांची सही. आईंची बाजू उघड होती. "इमारतीचं ऑडिट झालं, माझ्या गुडघ्यांचं कोण करणार? मला लिफ्ट पाहिजे," असं त्या विमानतळावरून येताना गाडीतच म्हणाल्या. बाबा खिडकीतून मोटारवे बघत राहिले.

दर रविवारी सेक्रेटरींचा फोन यायचा. बाबा फोन घेऊन मागच्या गार्डनमध्ये जायचे आणि "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय हो," असं ओरडून बंद करायचे. आवाज इतका स्वच्छ यायचा की सेक्रेटरींच्या घरचा कुकर मला आत ऐकू यायचा. बाकी वेळ बाबा गप्प. आमच्या घराच्या भिंतीवर एकदा टिचकी मारून बघितली, ती ढोलकीसारखी वाजली, तेव्हा फक्त "हं" म्हणाले. जेवताना मीठ मागायचं झालं तरी बोटाने दाखवायचे. मला राग यायचा त्यांचा. कुणाच्या तरी डोक्यावर स्लॅब पडेल आणि ह्यांचा हट्ट काही सुटणार नाही, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "अगं, त्यांना सरळ सांगून उपयोग नाही. मी ट्राय केलं. त्यांना वाटतं आपण त्यांनाच पाडायला निघालोय."

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला आम्ही त्यांना जवळच्या एका जुन्या लॉर्डच्या हवेलीत घेऊन गेलो. ही कल्पना आईंची. टीव्हीवर लॉर्ड आणि लेड्यांच्या मालिका बघून बघून त्यांना छत असलेला पलंग आणि चिनीमातीची भांडी प्रत्यक्ष बघायची होती. त्यासाठी त्या नारायणपेठ नेसून आल्या होत्या, आणि खाली माझे वेलिंग्टन बूट, कारण गाड्या लावायच्या कुरणात चिखल होता.

कुरण ओलांडून वर आलो आणि हवेली दिसली. म्हणजे दिसली नाही. छताचं काम चाललेलं असल्यामुळे ती सबंध परांचीत आणि प्लास्टिकच्या कापडात गुंडाळलेली होती. पिवळ्या बोर्डावर 'डेंजर, कीप आउट' लिहिलेलं. खालच्या काही खोल्या बघायला खुल्या होत्या, दार बाजूला होतं. आमच्यासमोर एक लाकडी खांब होता. त्याचा एक हात हवेलीकडे, त्यावर 'हाउस'. दुसरा हात उजवीकडे, त्यावर 'स्टेबल ब्लॉक', आणि खाली चहाच्या कपाचं चित्र.

बाबा खांबापाशी थांबले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि मोठ्याने वाचलं, "स्टेबल ब्लॉक."

मग ते आमच्याकडे वळले. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

"ह्याला म्हणतात प्रामाणिकपणा," ते म्हणाले. "एक इमारत धोक्याची आहे, तर स्वच्छ डेंजर लिहिलंय. दुसरी स्टेबल आहे, तर तसं लिहिलंय. लपवाछपवी नाही. आणि पाडली का ह्यांनी? नाही पाडली! आधार दिलाय."

मुंबई-ठाण्याच्या जुन्या माणसांना ब्लॉक म्हणजे राहायची जागा, हे सांगायला नकोच. त्यामुळे त्यांच्या हिशोबात सगळं चोख बसलं. मी "बाबा, ते..." म्हणून तोंड उघडलं तर नवऱ्याने माझं कोपर दाबलं. "प्लीज, आत्ता करेक्ट करू नकोस," तो पुटपुटला. "किती दिवसांनी एवढी वाक्यं बोललेत ते. होऊ दे ना."

आईंनी मात्र डावीकडे पाऊल टाकलं होतं. "अहो, भांडी तिकडे आहेत."

"अगं, माणसांनी लिहून ठेवलंय डेंजर, आणि तुला भांडी सुचतायत? चला सगळे. स्टेबलमध्ये."

आणि आमची वरात उजवीकडे निघाली.

आता ती पागा कशी होती ते सांगते, कारण तशी देखणी इमारत मी ब्रॅकनेलच्या आसपास दुसरी पाहिलेली नाही. लाल विटांची, चारी बाजूंनी बांधलेली, मध्ये फरसबंद चौक. आत शिरायला उंच कमान, कमानीवर घड्याळ, त्याच्यावर छोटीशी घुमटी. एका अंगाला बग्ग्या ठेवायच्या खोल्या, म्हणजे कोच हाउस, दुसऱ्या अंगाला घोड्यांची ठाणी, वर गवत भरायचा माळा. मालकांनी आपल्या घराइतकाच विचार घोड्यांच्या घराचा केला होता हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही दिसत होतं. बाबांना तर ते फारच दिसलं. फक्त घोडे वगळून.

ते आधी भिंतीला वीत लावून उभे राहिले. "अठरा इंच तर सहज. बघितलंस?" मग खिडक्या. पागेच्या खिडक्या वर आणि लहान असतात, घोड्याच्या डोक्यावरून वारा जावा म्हणून. बाबा म्हणाले, "भिंतीला भोकं कमी पाडली की भिंत टिकते. आमच्या आर्किटेक्टला मी हेच सांगत होतो." मग दारं. तुम्हाला माहीत असेल, पागेचं दार आडवं दोन तुकड्यांत असतं; खालचं बंद ठेवून वरचं उघडता येतं, म्हणजे घोडा मान बाहेर काढून बघू शकतो. बाबांनी खालचं दार ढकललं, वरचं ढकललं, आणि त्यांना उलगडा झाला.

"पूर! थेम्सला पूर आला की खालचं लावून घ्यायचं. वरून उजेड चालू. वा रे बहाद्दर!"

भिंतीत लोखंडी कड्या होत्या, घोडे बांधायच्या. त्या बाबांनी दोन्ही हातांनी ओढून बघितल्या. भिंत आतून सळया ताणून बांधून काढलीय, ही त्या सळयांची टोकं, असं त्यांनी नवऱ्याला समजावलं, आणि माझा उच्चशिक्षित नवरा मान डोलावत होता. माळ्याच्या उंचीवर, भिंतीच्या अगदी मधोमध, एक दार थेट हवेत उघडत होतं आणि वर कप्पी लटकत होती. गवताचे भारे वर घ्यायचं दार ते. "आगीतून सुटायचा मार्ग," बाबा म्हणाले. "कप्पीसकट! म्हाताऱ्या माणसांना दोरीने सोडत असणार." हे म्हणताना त्यांनी आईंकडे बघितलं. आई म्हणाल्या, "मला लिफ्टच बरी."

चौकाच्या कोपऱ्यात दगडी पायऱ्या होत्या, ज्या कुठेच जात नव्हत्या. तीनचार पायऱ्या चढायच्या आणि संपलं. त्यावर उभं राहून घोड्यावर बसायचं असतं. बाबा तिथे बराच वेळ घुटमळले, कारण बाकी सगळ्या गोष्टींची संगती लागत होती आणि हीच लागत नव्हती. शेवटी त्यांनी मान हलवली. "कंत्राटदार पळून गेला असणार. हे लोकसुद्धा त्यातून सुटले नाहीत." त्या पायऱ्यांबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं.

चहाची जागा घोड्यांच्या ठाण्यांतच केली होती. दोन लाकडी आडोशांच्या मध्ये एकेक टेबल. आम्ही एकात बसलो. कोपऱ्यात लोखंडी गव्हाण होती, तीत जिरेनियम लावलेलं. बाबांनी वाकून बघितलं. "हात धुवायचं बेसिन. नळ काढून नेलाय कुणीतरी. चोर इथून तिथून सारखेच." पायाखालच्या विटांच्या जमिनीला मागच्या बाजूला उतार होता आणि शेवटी एक पन्हळ. त्या उतारावर तर ते फिदाच झाले. "असा निचरा आपल्याकडे बाथरूमलासुद्धा देत नाहीत! पाणी टाक, बघ कसं पळतं." त्यांनी खरोखरच ग्लासातलं पाणी ओतून बघितलं. पाणी पळालं. शेजारच्या टेबलाखालच्या कुत्र्याने ते चाटलं.

तेवढ्यात तिथली एक स्वयंसेविका आमच्याकडे आली. सत्तरीची, जाड स्वेटर, हातात माहितीपत्रकं. म्हाताऱ्या माणसाने जमिनीवर पाणी का ओतलं हे विचारायला ती आली असावी, पण इंग्रज बाई ते सरळ कशी विचारणार? तिने विचारलं, इमारत आवडली का? बाबांनी खुर्ची सरळ केली आणि खात्याच्या इंग्रजीत सुरुवात केली.

"मॅडम, धिस होल ब्लॉक इज स्टेबल?"

"ओह येस," ती म्हणाली. "सगळाच्या सगळा."

"सिन्स व्हेन?"

"बांधला तेव्हापासून!"

बाबांनी आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "अँड मेन हाउस? नॉट स्टेबल?"

बाई हसली. "नाही हो. तिकडे कुटुंब राहायचं."

बाबांचा चेहरा गंभीर झाला. धोक्याच्या घरात बायकापोरं ठेवली ह्याचं त्यांना दुःख झालं असावं. "ओन्ली वन स्टेबल यू आर हॅविंग?"

"एकच, दुर्दैवाने. ह्याहून मोठ्या घराण्यांकडे दोनदोन असायच्या. पण ही फार सुंदर आहे, नाही का? आणि वरच्या मजल्यावर ग्रूम्स झोपायचे."

ग्रूम म्हणजे मोतद्दार, घोड्यांची देखभाल करणारा नोकर. हे मला तेव्हा माहीत होतं असं नाही, मी नंतर शोधून काढलं. आपल्याला ग्रूम माहीत तो लग्नपत्रिकेतला. बाबा जरा चपापले, मग त्यांनी अगदी आदबीने विचारलं, "अँड ब्राइड्स?"

"ब्राइड्स कोच हाउसमध्ये तयार होतात," बाई उत्साहाने म्हणाली. "आम्ही हल्ली लग्नंही करतो ना इथे!"

मी स्कोनचा तुकडा तोंडात कोंबला. नवरा टेबलाखाली काहीतरी पडलं म्हणून वाकला तो वर येईचना. बाबांनी बाईंचे आभार मानले, ती गेल्यावर म्हणाले, "नवरदेव वर, नवऱ्या वेगळ्या ब्लॉकमध्ये. शिस्त आहे." आणि मग, चहाचा घोट घेऊन, "बघितलंत ना? जुनी इमारत. ना पाडली, ना कुणी सह्या मागितल्या. स्टेबल म्हणजे स्टेबल. हे मी आज सेक्रेटरीला फोन करून सांगणार आहे."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. गंमत गंमत म्हणताना आम्ही त्यांच्या हातात नवं कोलीत दिलं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचाही चेहरा उतरला होता. आता सांगायचं तर कसं, आणि न सांगावं तर ठाण्यातली ती सगळी माणसं पावसाळाभर तिथेच राहणार.

आई ह्या सगळ्यात नव्हत्या. त्या टॉयलेट शोधायला गेल्या होत्या. त्या आल्या त्या वेलिंग्टन बूट वाजवत, नेहमीपेक्षा बऱ्याच वेगाने, गुडघे विसरून.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही जिथे बसलात ना, तिथे घोडा आहे."

"काय?"

"टॉयलेटच्या बोळात फोटो लावलेत जुने. हीच जागा. हेच दार. वरच्या दारातून घोड्याने मान बाहेर काढलीय. आणि ते तुमचं बेसिन, त्यात तोंड घालून खातोय तो. अहो, ही पागा आहे पागा! स्टेबल म्हणजे पागा! आणि तो तुमचा निचरा कसला ते कळलं का आता?"

शेजारच्या टेबलावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. बाबा उठले आणि बोळाकडे गेले. आम्ही मागोमाग गेलो. भिंतीवर ओळीने फोटो होते. एकात कड्यांना बांधलेले घोडे. एकात माळ्याच्या दारातून गवताचा भारा वर चढतोय. एकात टोपी घातलेली बाई त्या अर्धवट पायऱ्यांवर उभी, आणि शेजारी खोगीर घातलेला घोडा. बाबा प्रत्येक फोटोपुढे थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांच्या हाताला धरावंसं वाटलं, पण सुनेने असं एकदम कसं धरायचं, म्हणून मी नुसतीच जवळ उभी राहिले. आईंनाही आपण जरा जास्त जोरात बोललो असं वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो. इंग्रजीच मुळात वाईट भाषा."

बाबा चौकात आले आणि त्या पायऱ्यांवर बसले. आम्हाला वाटलं, आता पुन्हा महिनाभर मीठ बोटाने मागणार.

"सगळं बरोबर बसत होतं," ते म्हणाले. "एकही गोष्ट अडली नाही. भिंती, दारं, कड्या. पाटीवर स्टेबल लिहिलं होतं, म्हणून मला जिकडेतिकडे स्टेबलच दिसत गेलं. चाळीस वर्षं इमारती तपासल्या मी, आणि मला घोड्याची गव्हाण ओळखता आली नाही."

"बाबा, एनीबडी वुड..." नवरा म्हणायला लागला.

"आपल्या इमारतीच्या दारात संगमरवरी पाटी आहे," बाबा म्हणाले. "तिच्यावर माझं नाव आहे. रोज येताजाता ती वाचूनच मी जिना चढतो."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि स्वतःहून सेक्रेटरींना लावला. ह्या वेळी त्यांना आवाज व्यवस्थित येत होता. सही करतो म्हणाले, कागद मुलाच्या ईमेलवर पाठवा म्हणाले. पलीकडून सेक्रेटरी बहुधा आभार मानत असावेत. बाबांनी त्यांना मध्येच तोडलं.

"ते राहू द्या. आधी ऐका. जिन्याखालचा डावीकडचा कॉलम आहे ना, तो गेलाय. आतलं लोखंड फुगलंय. त्या पोराला तो दिसला नसेल, कारण दर दिवाळीत रंग द्यायच्या आधी मी त्याच्या भेगा सिमेंटने भरत आलोय. तिथे सायकली ठेवू नका. मुलांना खेळू देऊ नका. आजच सांगा सगळ्यांना, आत्ता. आणि पाऊस पडायची वाट बघू नका, त्याआधी सगळ्यांना बाहेर काढा."

फोन बंद करून त्यांनी तो हातातच धरून ठेवला. माझा सगळा राग गेला होता आणि त्याच्या जागी भीती बसली होती, त्यांच्याबद्दलची आणि त्या माणसांबद्दलची.

आई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "दर दिवाळीला घमेलं घेऊन खाली जायचात," त्या हळूच म्हणाल्या. "मला सांगायचात, उंदरांची बिळं बुजवतोय."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"उंदीर असते तर किती बरं झालं असतं गं," ते म्हणाले.